बाजूचा दिवा

गणपतची पहिली लाथ दिव्याच्या स्टँडला बसली, दुसरी स्टुलावर बसलेल्या बेबीताईला.

"काहून वं, पुन्हा नटून बसली इथं? कोणाले थोबाड दाखवून राहिली?" बायकोचे केस मुठीत धरून त्याने तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बेबीताईचा फोटो काढत असलेल्या एकताच्या हाताला रिकामा ट्रायपॉड लागला. तिने तो दोन्ही हातांनी उचलून त्याच्या मनगटावर हाणला. हाड वाजलं. गणपत कळवळला आणि "घरी तं येशील ना! चामडी सोलून काढतो," असं ओरडत जिना उतरला. एकताने कडी लावली.

दीक्षितपुऱ्यातली ही एवढीशी खोली म्हणजे एकताचा स्टुडिओ. गुरू कोणी नव्हता. दिवे इकडचे तिकडे करत, चुकतमाकत ती शिकत होती. तासन्तास बसायला गिऱ्हाईक थोडंच तयार होतं? शेजारची बेबीताई बसायची. तिच्याच चेहऱ्यावर एकता शिकली, की दिवा समोरून लावून खाली पांढरा थर्माकोल धरला की सुरकुत्या, वण, सगळं नाहीसं होतं. बाजूचा दिवा मात्र मेला चुगलखोर. गालावरचा बारीक खड्डासुद्धा लपू देत नाही. म्हणून तो तिने कोपऱ्यात टाकला होता.

हीच हुशारी नडली. दिवाळीआधी गणपतने मारलं, तेव्हा चौकीत दाखवायला एकतानेच बेबीताईच्या सुजलेल्या गालाचा फोटो काढून दिला. पण हाताला समोरच्या दिव्याचं वळण पडलेलं! फोटो इतका देखणा आला, की चौकीतला हवालदार हसला, "निशान कहाँ है, दीदी? इसमें तो आप हीरोइन लग रही हो." बेबीताई तशीच परत आली, आणि चौकीत गेली म्हणून तिने घरी दुप्पट मार खाल्ला. एकताला ते दिवसरात्र डाचत होतं.

आता बेबीताई उठली. पडलेलं स्टूल सरळ करून त्यावर बसली. भुवई फाटून रक्त गालावर उतरत होतं. तिने पदर वर नेला.

"पुसू नका, ताई," एकता म्हणाली.

समोरचा दिवा तर फुटलाच होता. तिने कोपऱ्यातला दिवा ओढून बेबीताईच्या कानाजवळ आणला. सूज, चौकटीचा वळ, सगळं उठून दिसू लागलं. तरी सवयीने एकताचा हात थर्माकोलकडे गेलाच.

"ते राहू दे," बेबीताई म्हणाली. "जसं हाय तसं येऊ दे. आज मी घरी नाही जाऊन राहिली. इथून सीधी चौकीत."

एकताने डोळा कॅमेऱ्याला लावला. काही दिसेना, डोळे भरून आले होते. ते पुसून तिने पुन्हा पाहिलं. तिनेच शिकवलं होतं तसे बेबीताईने खांदे सैल सोडले, आणि हनुवटी किंचित वर केली.