पेटीपुढे कोण चालणार

"झोपा आत, पाद्रीबाबा. लाजताय काय!"

लिंग सुतारानं नव्याकोऱ्या शवपेटीचं झाकण भिंतीला टेकवलं आणि हाताला लागलेला भुसा झटकला. ख्रिस्ती देवळाच्या अंगणात सगळी मंडळी गोळा झाली होती. वेई पाद्रीला त्या दिवशी साठ वर्षं पुरी झाली होती. साठी झालेल्या बापाला लेकांनी चांगल्या लाकडाची शवपेटी भेट द्यायची, ही चीनमधल्या मिन नदीकाठची रीत. पाद्रीला ना बायको, ना पोरं. तेव्हा मंडळीनंच वर्गणी काढून लेकपण निभावलं होतं आणि पेटीवर लाल फडकं घालून ती झांजा वाजवत आणली होती.

"मापात बसतील ना रे?" उंग काकीनं शंका काढली.

"न बसायला काय झालं? परवाच्या रविवारी हे डोळे मिटून प्रार्थना करत होते, तेव्हा मागून दोरी लावून माप घेतलं. प्रार्थना इतकी लांबली की तीनदा मोजून झालं, वर एक डुलकीही झाली."

अंगण हसलं. पाद्रीही हसला, कोट काढला आणि मुकाट्यानं पेटीत आडवा झाला. माणूस होताच तसा ताडमाड. गावात अजून सांगतात की पेटीचं पुढचं टोक देवळात पोचलं, तेव्हा मागचं टोक सुताराच्या दारात चहा पीत होतं. मी काही मोजायला गेलो नव्हतो. पण ती पेटी गल्लीच्या वळणावर अडकली आणि एका शेजाऱ्याची पन्हळ काढावी लागली, एवढं मात्र खरं.

वेई हे गावानं दिलेलं नाव. त्याचं मूळचं नाव एमस व्हीलॉक. अमेरिकेत ओहायो नदीकाठी त्याच्या आईची शेती होती. मेथडिस्ट मिशननं त्याला इकडे पाठवलं तेव्हा तो जेमतेम तिशीचा होता. तेव्हापासून अकरा गावांची फिरती एकट्याच्या अंगावर. वाट्याला डोंगर, चिखल आणि कुत्री. पोटात शिळा भात आणि खारवलेला मुळा.

एकट्याच्या म्हटलं खरं, पण मागून उंग काकी असायची. बाई विधवा, मूलबाळ नाही, पाय लहानपणी पट्ट्यांनी बांधून मोडलेले. त्या मुठीएवढ्या पावलांनी ती त्याच्या मागे डोंगर चढायची. परक्या पुरुषाला घरातल्या बायकांसमोर कोण जाऊ देणार? पाद्री दारात उभा राहून गड्यांना उपदेश करी आणि काकी थेट चुलीपाशी जाऊन बसे. देवाचं सांगून झालं की घरातल्या पोरींचे पाय बघे. "बांधू नकोस गं हिचे," एवढं एकच वाक्य ती आईला हात जोडून सांगायची. ऐकेपर्यंत उठायची नाही.

त्या वसंतात चहाची पहिली तोडणी सुरू झाली आणि काकीनं अंथरूण धरलं. पाद्री भेटायला गेला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती.

"पाद्रीबाबा, माझ्या पेटीपुढे कोण चालणार हो?"

"प्रभू चालेल, काकी."

"तो चालेलच. पण लेकासारखा सुतकातला तागाचा अंगरखा घालून चालेल का? काठीवर वाकून?"

पाद्रीनं तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

"तुमच्या सांगण्यावरून सासऱ्याच्या नावाची पाटी देव्हाऱ्यातून काढली, चुलीत घातली. जाऊबाईनं बोलणं टाकलं. पुतणे म्हणतात, पूर्वजांना जाळलंस, आता तुझ्यासाठी आम्ही ताग नेसणार नाही. त्याचं मला काही नाही, मी माझ्या मनानं केलं. पण बिनलेकाच्या बाईला मागच्या दारानं काढतात, मेलेलं कुत्रं काढतात तशी. मला पुढच्या दारानं जायचंय."

"काकी, तुम्हाला नियम माहीत आहे. मृतापुढे गुडघे टेकायचे नाहीत."

"मला माहीत नसेल? तुम्ही सांगितलात आणि मी तो अकरा गावांत पोचवला."

नियम त्याचाच होता. बापाच्या पेटीपुढे डोकं टेकलं म्हणून याच लिंग सुताराला त्यानं दोन वर्षं देवळातल्या प्रभुभोजनाच्या विधीपासून दूर ठेवलं होतं. आणि त्याची स्वतःची आई तिकडे ओहायोत वारली, तेव्हा त्याला कळेपर्यंत तिच्या मातीवर गवत उगवून गेलं होतं.

"बघू," तो म्हणाला.

"तुमचं बघू म्हणजे नाही." काकी हसली. "तीस वर्षं मागून चालले, एवढं कळतं मला."

चार दिवसांनी, सकाळी, ती गेली.

"माझी पेटी तिला दे," पाद्रीनं लिंगला सांगितलं.

"देतो. पण केवढीशी बाई ती. निम्मी पेटी रिकामी राहील."

"मग काप."

"ती तुमच्या नावाची आहे. कापली तर तुमचं आयुष्य कापलं जाईल."

"मी असलं काही मानत नाही, लिंग."

"तुम्ही नका मानू. करवत माझ्या हातात आहे."

पेटी कापली नाही. मग बायका पुढे झाल्या. आत काकी इकडेतिकडे घसरू नये म्हणून पायांकडची जागा भरायला लागल्या. कुणी जाकीट घातलं, कुणी उशी. मग बोटीवर काम करणाऱ्या एका बाईनं पायातले जोडे काढून ठेवले. चांगले लांबरुंद जोडे, न बांधलेल्या पायांचे. मागोमाग दुसरीनं काढले, तिसरीनं काढले. झाकण ठोकलं तेव्हा अंगणात बऱ्याच जणी अनवाणी उभ्या होत्या.

पेटी आली काकीच्या घराच्या पुढच्या दाराशी. पुतणे हाताची घडी घालून मागच्या दारापाशी उभे होते. खांदेकऱ्यांनी दांडे लावले, पण उचललं नाही.

"उचला," पाद्री म्हणाला.

"लेकानं पाया पडल्याशिवाय उचलत नसतात," लिंग म्हणाला. खांदेकऱ्यांचा पुढारी तोच होता. "आधी खांदेकऱ्यांपुढे गुडघे टेकायचे, मग पेटीपुढे. तसं केलं तर पुढचं दार. नाहीतर मागलं."

"तिला लेक नाही, हे तुला ठाऊक आहे."

"आहे."

मग लिंग जवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "आमच्यापुढे टेका, पाद्रीबाबा. आम्ही जिवंत आहोत, तुमच्या नियमात बसतंय. तेवढ्यावर मी उचलायला लावतो. गाव काय म्हणेल ते माझं मी बघतो."

पाद्रीनं कोट काढला. एका म्हातारीनं तागाचा अंगरखा पुढे केला, तो त्यानं अंगात घातला. तो गुडघ्यांपर्यंतच पोचला. डोक्यावर तागाची टोपी ओढली आणि खांदेकऱ्यांपुढे चिखलात गुडघे टेकले.

"झालं. उठा आता," लिंग पुटपुटला.

पाद्री उठला नाही. गुडघ्यांवरच तो वळला, पेटीकडे तोंड केलं आणि कपाळ जमिनीला लावलं. एकदा, दोनदा, तीनदा. दोन्ही दारांतली माणसं बघत राहिली. धाकटा पुतण्या काही बोलायला गेला, तर त्याच्या आईनं त्याचा दंड धरला.

"लिंग," पाद्री उठताना म्हणाला, "तुझी दोन वर्षं मी घेतली."

"ते नंतर बोलू. ऊन चढतंय." लिंगनं डोळे पुसले आणि खांद्याखाली दांडा घेतला. "चला रे, उचला! दारं पुरी उघडा, पेटी लांब आहे!"

पुढच्या दारातून पेटी निघाली. आईच्या पेटीपुढे लेकानं काठी टेकत कमरेत वाकून चालायचं असतं, तसा पाद्री चालत होता. भातखाचरांच्या बांधावरून रांग डोंगराकडे लागली.

समोरच्या उतारावर पलीकडल्या गावच्या बायका चहा तोडत होत्या. एकीनं कपाळावर हात धरून पाहिलं.

"कुणाची आई गेली गं?"

"कोण जाणे," दुसरी म्हणाली. "लेक मात्र फार वाकलाय बिचारा."

दोघींनी पाठीवरच्या टोपल्या उतरवल्या आणि रांग वळणाआड जाईपर्यंत उभ्या राहिल्या.