शेणातले दाणे

जवळा बाजारच्या घरात टीव्हीवर जंगलातले हत्ती चालले होते. एक पिल्लू आईचं ताजं शेण सोंडेनं उचलून खात होतं. त्याशिवाय त्याला पाला पचत नाही, असं टीव्हीवाला सांगत होता.

"छी!" ऐश्वर्यानं हातातली भाकरी खाली ठेवली.

त्या 'छी'नं जनकाबाईचं डोकं फिरलं. तिचा लेक, ऐश्वर्याचा बाप भीमराज, टीव्ही बंद करायला उठला.

"राहू दे! त्या पिलाला आईचं तरी भेटून राहिलं. बहात्तरच्या दुष्काळात आमी पाटलाच्या बैलांच्या शेणातली ज्वारी येचली, धुतली, दळली."

"आज्जी, तू त्या भाकरी खाल्ल्या?"

"मला कुठल्या उरतात, बाई? तुझ्या बापाला चारल्या."

भीमराजचा हात बटणावरच राहिला.