बाळंतिणीचा खोकला

मंगलला खोकला लागला तो बाळंत व्हायच्या आधी. हुमनाबादला नात्यातल्या लग्नाला जाऊन आली, सर्दी झाली, नाक मोकळं झालं, खोकला तेवढा मागे राहिला. माहेरी करणारं कुणी नव्हतं म्हणून बाळंतपण ठाणाकुशनूरला सासरीच झालं. मुलगी झाली. खोकला काही हटेना.

एरवी बरी असायची. पण उबळ आली की एकामागून एक, श्वास घ्यायला सवड नाही. डोळ्यांतून पाणी, आणि शेवटी खाल्लेलं बाहेर. मग भिंतीला टेकून बसायची, लेकरू रडलं की पुन्हा उठायची. झोप अशी नव्हतीच. ताट समोर आलं तरी तिला थकवा यायचा. खायचं कशाला, ओकायलाच ना?

"थंड पाणी पिऊ नको म्हणलं तर ऐकत न्हाईस," सासू सुशीलाबाई म्हणायच्या आणि ओव्याचा शेक द्यायच्या. नवरा व्यंकट भालकीहून औषधाची बाटली आणायचा. बाटली संपायची, खोकला नाही. त्यांचंही फार चुकत नव्हतं. बाळंतिणीला काही ना काही होतच असतं आणि घरात सगळ्यांचे डोळे लेकराकडे. मंगलचेही.

महिन्याभरानं लेकराला सर्दी झाली. खोकला म्हणावा असा नव्हताच, नुसतं ठसकल्यासारखं व्हायचं. एका दुपारी अंगावर पिता पिता ते ओढायचं थांबलं. झोपलं असेल म्हणून मंगलनं पदर सारला. ओठ जांभळे झाले होते. छाती हलत नव्हती.

तिनं लेकराची पाठ चोळली, तळपायांना टिचक्या मारल्या. लेकरानं एकदम अंग ताणलं, श्वास ओढला आणि बारीकसं रडलं.

"आत्या, लेकरू थांबलं होतं. श्वासच घेईना गेलं," तिनं सासूला हाक मारून सांगितलं.

सुशीलाबाई दृष्ट काढायला मीठमोहऱ्या घेऊन आल्या. नातीचे ओठ दिसले तशी मूठ तिथंच सोडली. "व्यंकट! गाडी बघ. उभा कामून राहिलास?"

भालकीच्या दवाखान्यात डॉक्टर जयंतीबाईंनी लेकराला ऑक्सिजन लावला. दूध किती पितं, ताप होता का, सगळं लेकराचंच विचारत होत्या. तेवढ्यात मंगलला उबळ आली. ती दाराची चौकट धरून वाकली, खोकत राहिली, आणि शेवटी घशातून आत ओढलेल्या श्वासाचा लांब, घोगरा आवाज निघाला. डॉक्टर वळल्या.

"हा खोकला कधीपासून आहे तुम्हाला?"

"लई दिस झाले. ही पोटात होती तवापासून."

"खोकून उलटी होते?"

"व्हय."

"डांग्या खोकला दिसतोय. मोठ्या माणसाला तो बेजार करतो. एवढ्याशा लेकराला तर खोकायचीही ताकद नसते, ते सरळ श्वासच थांबवतं. या रोगाच्या लशीची पहिली सुई दीड महिन्याला, ती अजून व्हायचीय. तपासणीला नमुना पाठवते, पण औषध आजच सुरू करायचं, घरातल्या सगळ्यांनी. आणि लेकराला आत्ता बीदरला न्या."

"म्हंजी माझ्यामुळं झालं?"

"तुमचा दोष नाही. तुम्हालाच आधी कुणीतरी दाखवायला आणायला हवं होतं."

सुशीलाबाईंनी हळूच विचारलं, "मग आता पाजायचं का न्हाई, बाई?"

"पाजायचं. तोंडाला मास्क बांधून."

बीदरच्या मोठ्या दवाखान्यातही लेकरू अधूनमधून थांबायचं. मशीन वाजायचं, सिस्टर धावत येऊन त्याला हलवायची. मंगल खुर्चीत बसून त्या मशीनकडे बघत राही. रडायलाही तिच्यात त्राण नव्हतं. हळूहळू मशीन वाजेनासं झालं आणि एके दिवशी त्यांना घरी पाठवलं.

औषधानं रोग दुसऱ्याला लागायचा थांबला, पण खोकला आपल्या सवडीनंच जाणार, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मंगल अजून खोकत होती. सुशीलाबाई आता लेकराला स्वतःजवळ घेत आणि तिला म्हणत, "तू पड गं जरा."

डॉक्टरांना विचारून लेकराला सुई दिली, त्या दिवशी ते दुपारभर रडलं. सुशीलाबाई त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारत होत्या. आत मंगल आडवी होती. उठून जावं असं तिला वाटलं, पण अंग हलेना. रडणं जोरात होतं, श्वास भरून भरून. ते ऐकता ऐकता तिचा डोळा लागला.