समुद्रापलीकडची थंडी

कुत्र्याच्या अंगावर सिस्टरनी विणलेला स्वेटर होता.

सिस्टर भाजीची पिशवी सावरत रस्त्याच्या कडेला थबकल्या. पिवळ्या लोकरीवर तांबडे पट्टे, गळ्याशी उलट्या टाक्यांची पट्टी आणि डाव्या खांद्यावर लोकर कमी पडली म्हणून लावलेला हिरवा तुकडा. शंकेला जागाच नव्हती. हा स्वेटर गेल्या वर्षी समुद्र ओलांडून एका गरीब गावातल्या मुलाच्या अंगावर चढला होता. निदान सिस्टरची तशी समजूत होती. आणि आज तोच स्वेटर घालून एक लांबट अंगाचा, आखूड पायांचा कुत्रा विजेच्या खांबाशी पाय वर करून उभा होता.

"अरे चल ना, किती वेळ!"

साखळी धरून उभे होते मंडळाचे चिटणीस, चौकातले चष्मेवाले. दुसऱ्यांना लांबचं दिसावं म्हणून जन्मभर काचा बसवणाऱ्या या गृहस्थांना समोरच उभ्या असलेल्या सिस्टर काही दिसल्या नाहीत. कुत्र्याला ओढत ते निघून गेले.

सिस्टर म्हणजे मुलांच्या वॉर्डात उभी हयात काढलेली नर्स. निवृत्त झाल्या तरी भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदांना ठाऊक. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. घरात त्या आणि त्यांची थोरली नणंद. रिकाम्या हातांनी बसणं सिस्टरच्या रक्तातच नव्हतं. त्यामुळे चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत चार-पाच जणांनी दूरदेशीच्या एका कोरड्याठाक गावासाठी मदत गोळा करायला मंडळ काढलं, तेव्हा त्याही नणंदेसकट जाऊन बसल्या. कुणी जुनी भांडी विकायचं, गल्लीतले पोस्टमन रविवारी लोकांच्या गाड्या धुऊन द्यायचे. जमेल तो पैसा तिकडे पाण्यासाठी जायचा. सिस्टरना विकणं जमेना. भाव सांगायची वेळ आली की त्या वस्तू फुकटच देऊन मोकळ्या व्हायच्या. मग एका बैठकीत त्या म्हणाल्या, "मी आपली तिकडच्या मुलांना स्वेटर विणते." कुणी नाही म्हणालं नाही. सगळा घोळ तिथेच झाला.

पुढे तिकडून एक फोटो आला. नव्या नळाभोवती उघडीवाघडी पोरं उभी होती. मंडळातल्या सगळ्यांना नळ दिसला, सिस्टरना पोरं दिसली. "अंगावर सुताचा धागा नाही हो लेकरांच्या!" म्हणत त्या घरी गेल्या आणि त्या वर्षी त्यांनी दुप्पट स्वेटर विणले.

आता घरी आल्या त्या तरातरा.

"वन्सं, चष्मेवाल्यांच्या कुत्र्याच्या अंगात माझा स्वेटर आहे!"

नणंदबाई वाटाणे सोलत होत्या. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. एरवी अशी बातमी त्यांनी आठवडाभर पुरवून पुरवून वापरली असती. आज त्या खाली मान घालून वाटाणेच सोलत राहिल्या.

"वन्सं, मी काय म्हणतेय?"

"ऐकलं. बहिरी नाही झाले अजून."

नणंदबाई उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि कपाटाचा खालचा खण ओढून उभ्या राहिल्या. आत लहान मुलांचे स्वेटर नीट घड्या घालून ठेवले होते, मध्ये डांबराच्या गोळ्या.

"तुम्हीसुद्धा?"

"मग काय करू? लोकरीला पैसे द्यायचे मी, आणि विणून झाला की विकत घ्यायचा तोही मीच! असला आतबट्ट्याचा व्यवहार आमच्या सात पिढ्यांत कुणी केला नसेल." मग त्यांनी आवाज उतरवला. "वहिनी, तिकडे बाराही महिने ऊन मी म्हणतं. पोरं घामोळ्यांनी बेजार असतात म्हणे. त्यात पार्सलचा खर्च स्वेटरपेक्षा जास्त. पोस्टमन म्हणाले, सिस्टरना सांगून टाकू. पण सांगणार कोण? शेवटी ठरलं, आपणच विकत घ्यायचे आणि पैसे तिकडे धाडायचे. पोस्टमनच्या नाती तुझ्या स्वेटरांतच वाढल्या. चष्मेवाल्यांच्या घरी पोर नाही, मग त्यांनी कुत्र्याला घातला."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"तुला सोडून."

त्यानंतर सिस्टर विणायला बसल्याच नाहीत. सुया टोपलीत पडून राहिल्या. त्यांना राग आला होता, पण रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. आपण ऐटीत गाठोडं टेबलावर ठेवायचो आणि ही मंडळी एकमेकांकडे बघत असणार. आपले हात आता कुणाच्याच उपयोगाचे नाहीत, लोक नुसते आपल्याला सांभाळून घेतात, हे त्यांच्या मनाला फार लागलं. मंडळाची पायरी पुन्हा चढायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मग एका सकाळी कांदा चिरताना नणंदबाईंचं बोट कापलं. सिस्टरनी कापूस आणि औषध काढलं आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "दुखणार नाही हं."

"खोटारडी मेली! मस्तकात गेली की कळ!"

सिस्टरचा हात तसाच थांबला. हे वाक्य वॉर्डात त्यांनी किती लेकरांना ऐकवलं असेल! एकदाही ते खरं नव्हतं. दुखायचं सगळ्यांनाच. पण त्या वाक्यावर विसंबून लेकरं दंड पुढे करायची. खोटं बोलताना मनात पाप नसायचं, मायाच असायची. मग या माणसांच्या मनात तरी दुसरं काय होतं?

"आता हसायला काय झालं?" नणंदबाई खेकसल्या.

"काही नाही. वन्सं, त्या कुत्र्याच्या छातीचा घेर केवढा असेल हो?"

रविवारी बैठकीला सिस्टरनी नेहमीसारखं गाठोडं टेबलावर ठेवलं.

"वा सिस्टर!" चष्मेवाले साळसूदपणे म्हणाले. "तिकडची पोरं खूश होणार यंदा."

"उघडून बघा तरी."

त्यांनी गाठ सोडली, वरचा स्वेटर उलगडला आणि त्यांचा चेहरा पडला. चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा लावला. तरी बाह्या चारच होत्या. पोटाखाली बटणं होती.

"जुना काखेत काचतोय त्याला," सिस्टर म्हणाल्या. "खांबाशी पाय वर करताना तर फार पंचाईत होत होती बिचाऱ्याची."

पोस्टमन आधी नुसतेच खोकले. मग नणंदबाईंना फिसकन हसू फुटलं आणि सगळी खोलीच हसायला लागली. चष्मेवाले मात्र रडवेले झाले.

"सिस्टर, तुम्हाला फसवायचं नव्हतं हो. तुम्ही यायच्या बंद व्हाल, याची भीती वाटायची."

"होणारच होते. वाईट वाटलं मला, ते सांगून ठेवते. पुन्हा असं करायचं नाही." त्या खुर्ची ओढून बसल्या. "आता खरं सांगा, तिकडे काय हवंय?"

"आणखी एक नळ. शाळेपाशी."

"मग हे विकू या. घरोघर कुत्री आहेत आणि थंडी तर इथेच पडलीय."

"पण तुम्हाला भाव कुठे सांगता येतो?" पोस्टमननी विचारलं.

"गरजवंताला सांगताना जीभ रेटत नाही माझी. कुत्र्याच्या मालकाला बघा कसा सांगते ते!"

आणि सांगितला. थंडी सरेपर्यंत दर रविवारी चष्म्याच्या दुकानासमोर कुत्र्यांची रांग लागायची. सिस्टर बुटक्या स्टुलावर बसून मापं घ्यायच्या. टेप पाहून एखादा धिप्पाड कुत्रा मालकाच्या मागे लपला की त्या म्हणायच्या, "ये रे बाळा, दुखणार नाही हं." आणि आता ते अगदी खरं असायचं.

उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेपाशी नळ बसल्याचा फोटो आला. पोरं तशीच उघडीवाघडी. एकाने नळाला अंगठा लावून धरला होता आणि बाकीची पाण्याच्या फवाऱ्याखाली नाचत होती. फोटो हातात घेऊन सिस्टर कितीतरी वेळ बघत राहिल्या. काय म्हणतात म्हणून सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे.

"चिंब भिजलीत हो सगळी," त्या शेवटी म्हणाल्या.

"मग?" नणंदबाईंनी विचारलं. "आता काय टॉवेल विणायला घेतेस?"

"छे," सिस्टर म्हणाल्या. "वाळतील की उन्हात."