प्रार्थनेला बसवलेले टेबल

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. कॉलेजच्या वाचनालयातले, असे मात्र आता छातीठोकपणे सांगता येत नाही.

सुताराने मला घडवले ते दहाजणांनी बसून अभ्यास करावा म्हणून. माझ्यावर शाई सांडली, पोरे डोके टेकून घोरली, कुणी तर एका प्राध्यापकांचे चित्रही कोरले. नाक हुबेहूब जमले होते. परीक्षा जवळ आल्या की माझ्यापाशी जागेसाठी भांडणे होत आणि मी उगाच भाव खात असे.

रोज सगळ्यांच्या शेवटी एक बस कंडक्टर येई, ड्यूटी संपवून, गणवेशातच. तिला वकील व्हायचे होते. घरी एका खोलीत सगळे कुटुंब, त्यामुळे अभ्यासाला तिला दुसरी जागाच नव्हती.

मग कॉलेजांच्या इमारतींवर कर बसला. प्रार्थनागृहांना तो माफ होता. प्राचार्यबाई करखात्यात भांडून आल्या.

"ते म्हणतात, शिकवणं हा धंदा आहे!"

संस्थेचे अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "मग वाचनालयाचं प्रार्थनागृह करू. नाहीतर फी वाढवा."

फी वाढवणे बाईंच्या जिवावर आले. त्यांनी मान खाली घालून होकार दिला. पुस्तकांची कपाटे हलली, माझ्यावर पांढरी चादर आणि दिवा आला.

करखात्याचे साहेब तपासणीला आले, नेमकी तेव्हाच कंडक्टर आत आली. तिला कुणी काही सांगितलेच नव्हते. तिने खुर्ची ओढली आणि चादरीवरच कायद्याचे पुस्तक उघडले.

"इथे अभ्यास चालतो?" साहेबांनी विचारले.

"छे, छे!" बाई घाईघाईने म्हणाल्या. "अगं, ही प्रार्थनेची जागा आहे. इथे पुस्तक नाही उघडायचं. ऊठ."

"चुकलं माझं, बाई."

तिने पुस्तक मिटले आणि जाताना हात जोडले. मला! पाठोपाठ साहेबांनीही जोडले. कर माफ झाला. मी लाजेने मेल्यासारखे झाले.

साहेब पुन्हा कधीही येतील, म्हणून अभ्यासाला दार बंदच राहिले. काही दिवस ती बाहेर जिन्यावर बसून वाचत असे. मग दिसेनाशी झाली. प्रार्थनेलाही इथे कुणी येत नाही. बाई तेवढ्या कधीतरी डोकावतात आणि माझ्याकडे न बघता परत जातात.

मित्रांनो, मनापासून प्रार्थना करणाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. त्यांच्यासमोर तर मला जास्तच लाज वाटते. उद्या तुम्ही मोठे व्हाल, नियम कराल. तेव्हा शिकण्याच्या जागेवर असे सोंग घ्यायची वेळ आणू नका. आणि कधी या खोलीत आलात, तर मला नमस्कार करू नका. ही चादर ओढून काढा, आणि त्या कंडक्टरला शोधून आणा.