आईचा रकाना

आईला जाऊन तीन आठवडे झाले होते. वस्तीच्या वाचनालयातल्या लांब टेबलाशी, आईच्या खुर्चीत, मुलगी अंग चोरून बसली होती.

थकलेल्या, आजारी म्हाताऱ्यांच्या घरी परिचारिका पाठवायची ही योजना. पैसा सरकारी खात्याचा, निर्णय खातं आणि वस्ती दोघांचे. त्यासाठी वस्तीच्या वतीने बसणाऱ्या आईने एक शिस्त लावली होती. कागदाच्या मधोमध रेघ. डावीकडे खात्याने लिहायचं, उजवीकडे वस्तीने, तेही बैठकीत, सगळ्यांसमोर. मगच सह्या.

यंदा खात्याच्या साहेबांनी दोन्ही रकाने भरूनच कागद आणला.

"रागावू नका ताई," ते चाचरत म्हणाले. "नऊ वर्षं तुमच्या आईंसमोर बसलोय. तुमच्यावर भार नको, म्हणून त्या जे म्हणाल्या असत्या तेच लिहिलंय."

मुलीने उजवा रकाना वाचला. 'सकाळी लवकर यावे. म्हाताऱ्यांना दाराशी यायला वेळ लागतो, घंटा बडवू नये.' हुबेहूब आई. असं एखादं वाक्य ऐकायला तिचे कान आसुसले होते. सहीसाठी तिने पेन उचललं.

"मोठ्याने वाच की," बैठकीला जमलेल्यांतल्या, शिवणकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या. "आम्ही काय भिंती आहोत?"

तिने वाचलं. कोणी हसलं, कोणी डोळे पुसले.

"अगदी अश्शीच बोलायची," मावशी म्हणाल्या. "पण सकाळी नको गं. कारखान्याची पाळी बदलली, आता दुपारभर घरात कोणी नसतं. माझे सासरे परवा दोन तास जमिनीवर पडून होते. पाळी बदलली तेव्हा तुझी आई आजारी, तिला कुठून कळणार?"

साहेबांनी चष्मा काढला. "मलाही नाही कळलं."

"विचारलंत कुठे?" मावशींचा आवाज मात्र मऊ होता.

साहेबांनी हात पुढे केला. "द्या, मी खोडतो."

"नको," मुलगी म्हणाली. "तो रकाना आमचा आहे."

तिने पहिल्या ओळीवर रेघ मारली. घंटेपाशी पेन अडलं.

"दुपारी दार कोण उघडणार?" तिने विचारलं.

"कोणीच नाही," मावशी म्हणाल्या. "किल्ली शेजारी ठेवू, परिचारिका स्वतःच उघडेल."

म्हणजे घंटाही नको. तिने ती ओळ खोडली, सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग खाली, आपल्या तिरक्या अक्षरात, मावशी सांगतील तसं लिहू लागली.