दोन याकोब

देवयानी पुण्यात हौसेनं जर्मन शिकली होती. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी पीएचडी करताना ते आपल्या घरमालकीणबाईंच्या कामी येईल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. लोइस हॉफर पंचाहत्तरीच्या. लग्न केलं नव्हतं, एकट्याच राहायच्या. १७५२चा याकोब हॉफर हा घराण्यातला अमेरिकेत जन्मलेला पहिला पुरुष, हे त्या आल्यागेल्याला सांगत. २००५च्या उन्हाळ्यात सगळं गणगोत जमणार होतं. त्याआधी त्यांनी तिथल्या एका जुन्या जर्मन चर्चमधल्या जन्म-दफनाच्या नोंदींच्या झेरॉक्स मागवल्या आणि वाचायला देवयानीकडे दिल्या.

ते जुनं अक्षर आधी तिला दादच देईना. मग हळूहळू ओळख पटत गेली. १७५२ सालची जन्मनोंद मिळाली: याकोब, बाप पेटर, आई बार्बरा. दफनाच्या पानावर मात्र ती थबकली. १७५४. पेटर आणि बार्बराचा मुलगा याकोब, वय दोन वर्षं.

दोन वर्षांचं पोर कुणाचा पूर्वज कसं होणार? लोइसना सांगणं तिच्या जिवावर आलं, पण लपवून तरी काय करणार?

ऐकून लोइसनी चष्मा काढून ठेवला. "म्हणजे जन्मभर मी परक्यालाच आपला म्हणत होते?"

"थांबा, अजून पानं उरलीत," देवयानी म्हणाली. खरं तर तिला फारशी आशा नव्हती.

दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. देवयानी जन्मनोंदी पुढे वाचत गेली. १७५६मध्ये तीच नावं पुन्हा आली. बाप पेटर, आई बार्बरा. मुलगा याकोब. तिनं ते पुन्हा वाचून खात्री केली.

"लोइस, गेलेल्याचंच नाव त्यांनी पुढच्याला ठेवलंय. हा तुमचा."

लोइस खुर्चीत मागे टेकल्या आणि हसायलाच लागल्या. "त्याच्या थडग्यावरचं वय चार वर्षांनी कमी भरायचं. मी आपली पाथरवटाला दोष देत होते."

"आमच्याकडे अशा वेळी पुढच्याला दगडू नाहीतर धोंडू म्हणायचे. मृत्यूनं त्याच्याकडे ढुंकूनही बघू नये म्हणून."

"आमच्यांनी सरळ तेच नाव ठेवलं. हट्टी माणसं," लोइस म्हणाल्या.

मग त्यांनी वंशवृक्षाचा कागद पसरला आणि धाकट्या याकोबच्या आधी थोरल्याचं नाव लिहिलं. ओहायोतल्या चुलतभावाला फोन लावला, आणि त्याचं हॅलो पुरं व्हायच्या आत सांगायला सुरुवात केली.